आधी वाट बघा, मग अंतर : हौशी धावपटूसाठी रस्त्यावरच्या आणि डोंगरातल्या शर्यतींची तयारी

एकवीस किलोमीटरची शर्यत, म्हणजे हाफ मॅरेथॉन, महाराष्ट्रात तीन ठिकाणी पळालात, तर त्या तीन वेगळ्या शर्यती असतात. जानेवारीत मुंबईत वांद्रे-वरळी सागरी सेतूवरून पळताना रस्ता गुळगुळीत असतो, पण समुद्राची दमट हवा अंगातलं पाणी काढून घेते. साताऱ्यात शहराबाहेर पडलात की यवतेश्वरचा घाट लागतो आणि चढताना घेतलेली घाई उतरताना वसूल केली जाते. सिंहगड-राजगड-तोरण्याच्या परिसरातल्या पायवाटांवर तर काही टप्प्यांत पळणं शक्यच नसतं. तिथे चढायचं, उतरायचं आणि तोल सांभाळायचा. मुंबईत सव्वादोन तासांत येणारा माणूस साताऱ्यात साधारण अडीच तासांच्या आसपास पोहोचतो आणि डोंगरातल्या वाटेवर त्यालाच चार तासही लागू शकतात.

तरीही बहुतेक जण फॉर्म भरताना फक्त अंतर बघतात आणि तयारीही अंतराचीच करतात. आमच्या पुण्यातल्या गटात नवीन कुणी आलं की मी पहिला आग्रह हाच धरतो: आधी वाट बघा, मग अंतर. पुढे जे लिहिलं आहे ते नोकरी-धंदा, घर, मुलं सांभाळून पळणाऱ्यांसाठी आहे. निदान पाच किलोमीटर न थांबता पळता येतात, इतकं गृहीत धरलं आहे.

वर्षाची आखणी

आपल्याकडे शर्यतींचं वर्ष पावसाळ्यात सुरू होतं असं मी मानतो. ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास सातारा हिल हाफ मॅरेथॉन असते, २०१२ पासून. तिची नोंदणी काही महिने आधी होते आणि लवकर भरते, म्हणून ती करायची असेल तर उन्हाळ्यातच लक्ष ठेवा. ऑक्टोबर हीटमध्ये फार मोठं काही करू नये. डिसेंबरमध्ये पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन (ही १९८३ पासूनची, आपल्या भागातली जुनी आणि मानाची शर्यत), वसई-विरार, डोंगरवाल्यांसाठी सिंहगड-राजगड-तोरणा अल्ट्रा (अल्ट्रा म्हणजे मॅरेथॉनपेक्षा लांब शर्यत) आणि मग जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबई. तारखा एखाद्या वर्षी पुढेमागे होतात, त्या अधिकृत घोषणेतूनच पक्क्या करा. मार्च ते मे हा पाया घालण्याचा काळ, शर्यतींचा नाही.

या मोठ्या नावांच्या मध्ये तालुक्या-तालुक्यात छोट्या शर्यती होतात. कुठे कॉलेज भरवतं, कुठे साखर कारखाना, कुठे डॉक्टरांची संघटना. त्यांच्याकडे पाठ फिरवू नका. बारामतीच्या अशाच एका शर्यतीत साठी ओलांडलेल्या लता करे नऊवारीत, अनवाणी पळून ज्येष्ठांच्या गटात पहिल्या आल्या, नवऱ्याच्या औषधोपचाराला पैसे हवेत म्हणून. माण तालुक्यातल्या मोही गावातून निघालेली ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायच्या शर्यतीच्या) अंतिम फेरीत धावली. आपल्या मातीत धावण्याची परंपरा अशा माणसांनी तयार केली आहे आणि तिचं खरं दर्शन तालुक्याच्या शर्यतीत होतं. सुरुवातीच्या रेषेवर पोलीस आणि सैन्यभरतीची तयारी करणारी पोरं असतात, पायात साधे बूट, अंगात शाळेचा टी-शर्ट, आणि शिट्टी वाजली की ती वाऱ्यासारखी सुटतात. त्यांच्या मागे लागू नका. मागे उभे राहा, आपल्या वेगाने पळा, शर्यतीचं वातावरण अंगवळणी पडू द्या.

वर्षाला दोन मुख्य शर्यती पुरे, दोघींत निदान दहा-बारा आठवड्यांचं अंतर. बाकी छोट्या शर्यती सरावासाठी. आयुष्यातली पहिलीच शर्यत असेल तर घराजवळची, सपाट, दहा किलोमीटरची निवडा. प्रवास नाही, हॉटेल नाही, रात्री स्वतःच्या अंथरुणात झोप. पहिल्या वेळी एवढं सुख फार मोलाचं असतं.

फॉर्म भरण्याआधी काय तपासायचं

रस्त्यावरच्या शर्यतीत पहिला प्रश्न : मार्ग प्रमाणित आहे का? प्रमाणित मार्ग मोजताना सायकलच्या पुढच्या चाकाला मोजणी-यंत्र लावतात आणि वळणांवर शक्य तितक्या आतून, म्हणजे सर्वांत जवळच्या रेषेने, सायकल चालवतात. मार्ग चुकूनही कमी भरू नये म्हणून हजारी एक या प्रमाणात अंतर वाढवतात. पूर्ण मॅरेथॉनला ते साधारण ४२ मीटर होतं. गर्दीत आपण ती आतली रेषा कधीच पकडू शकत नाही, शिवाय उंच इमारतींमध्ये जीपीएस भरकटतं. म्हणून घड्याळात २१.१ च्या जागी २१.३ किंवा २१.४ दिसलं तर आयोजकांशी वाद घालू नका. त्याऐवजी तयारीतच लक्षात ठेवा की दोन तासांत यायचं असेल तर घड्याळातला पेस, म्हणजे दर किलोमीटरला लागणारा वेळ, तीन ते पाच सेकंदांनी जास्त कडक हवा.

डोंगरातल्या शर्यतीत पहिला प्रश्न वेगळा : एकूण चढ किती? आंतरराष्ट्रीय ट्रेल संघटनेची एक सोपी पद्धत आहे आणि ती मी सगळ्यांना शिकवतो. दर १०० मीटर चढाला एक किलोमीटर जास्तीचा धरा. शर्यत २५ किलोमीटरची आणि एकूण चढ १२०० मीटर असेल तर ती तुमच्या पायांना ३७ किलोमीटरची आहे. हा आकडा काढला की आपली तयारी पुरेशी आहे की नाही ते लगेच कळतं. तरी वाट किती खडबडीत आहे हे त्यात धरलेलं नसतं. घसारा (सुट्या मुरुमाचा उतार), कातळ, चिखल असेल तर आणखी वेळ जातो.

मग कट-ऑफ, म्हणजे पोहोचायची वेळेची मर्यादा, बघा, आणि फक्त शेवटचा नाही. डोंगरातल्या शर्यतींत मधल्या टप्प्यांवरही वेळेची मर्यादा असते आणि बरेच जण तिथेच अडकतात. मागच्या वर्षीचा निकाल उघडा आणि तळापासून वर वाचा. शेवटच्या पन्नास जणांना किती वेळ लागला, किती जण पूर्ण करू शकले नाहीत, हे बघितलं की त्या मार्गाचा स्वभाव समजतो. पहिल्या तिघांच्या वेळेवरून आपल्याला काही कळत नाही.

पाण्याची ठिकाणं किती अंतरावर आहेत, रुग्णवाहिका कुठे उभी असते, सामान ठेवायची सोय आहे का, महिलांसाठी स्वच्छतागृह किती, हेही विचारा. आयोजक या प्रश्नांना नीट उत्तर देत नसतील तर ती शर्यत सोडून द्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. जेवणाची, मेडलची, टी-शर्टची वर्णनं भरभरून आणि वैद्यकीय सोयीबद्दल एकच ओळ, अशा जाहिरातीपासून लांब राहा.

पाया : चौदा आठवडे

हाफ मॅरेथॉनसाठी चौदा आठवडे धरा. आठवड्यातून चार दिवस पळायचं, दोन दिवस ताकदीचा व्यायाम, एक दिवस संपूर्ण विश्रांती. चारपैकी दोन दिवस सावकाश, एक दिवस वेगाचा किंवा चढाचा, रविवारी लाँग रन, म्हणजे आठवड्यातलं सर्वांत लांब पळणं. सावकाश म्हणजे शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतकं सावकाश. वाक्य तुटायला लागलं की वेग कमी करायचा, घड्याळ काहीही म्हणो. हौशी धावपटूंच्या दुखापती पाहिल्या तर बऱ्याचशा रोजच थोडं जास्त जोरात पळण्यातून आलेल्या असतात.

लाँग रन दहापासून सुरू करून दर आठवड्याला एक-दीड किलोमीटर वाढवा, दर चौथ्या आठवड्याला मुद्दाम कमी करा, अठरा-वीसपर्यंत न्या. शेवटचे दोन आठवडे अंतर घटवत यायचं. डोंगरातल्या शर्यतीची तयारी असेल तर रविवारी किलोमीटर मोजू नका, तास मोजा. शर्यत पाच तासांची होणार असेल तर साडेतीन-चार तास पायांवर राहता आलं पाहिजे, मग त्यात चालणं कितीही असो.

ताकदीसाठी जिम असलीच पाहिजे असं नाही. बैठका, एका पायावर हळूहळू पायरी उतरणं, पोटऱ्यांसाठी टाचा उचलणं, प्लँक. घरच्या जिन्यात हे सगळं होतं. पोटरीचा व्यायाम फार जण टाळतात आणि मग घाटात टाचेच्या मागची शीर धरते.

चाळिशी ओलांडली असेल, घरात हृदयविकाराचा इतिहास असेल, मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर तयारी सुरू करण्याआधी डॉक्टरांना दाखवून घ्या. शर्यतीच्या आठवड्यात फॉर्मबरोबर जोडायला सही-शिक्का मिळवणं म्हणजे तपासणी नव्हे.

चढ आणि उतार

इथे जरा थांबतो, कारण सह्याद्रीतली कुठलीही शर्यत, घाटातली असो वा पायवाटेवरची, चढ-उतारावरच ठरते.

सरावाला जागा शोधायला लांब जावं लागत नाही. पुण्यात वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, तळजाई. ठाण्यात येऊरचा रस्ता, नवी मुंबईत पारसिक हिल, साताऱ्यात अजिंक्यतारा, नाशकात पांडवलेणी, कोल्हापूरकरांना जोतिबा. सुरुवातीला असा चढ घ्या जो साठ ते नव्वद सेकंदांत संपतो. दमदार पण न धापता वर जायचं, चालत खाली यायचं, सहा वेळा. तीन-चार आठवड्यांनी लांब चढ धरा, दहा-पंधरा मिनिटं सलग.

चढताना वेग विसरायचा आणि श्वास सांभाळायचा. पावलं आखूड, नजर पाच-सहा मीटर पुढे, खांदे सैल. कमरेतून वाकू नका, घोट्यातून किंचित पुढे झुका. चढ फार तिखट झाला की चाला आणि त्यात कमीपणा मानू नका. तिखट चढावर जोरात चालणारा आणि धडपडत पळणारा जवळपास एकाच वेगाने वर जातात, फक्त पळणाऱ्याचं इंधन जास्त जळतं. पायवाटेवर हात मांडीवर, गुडघ्याच्या थोडं वर दाबून चढलात तर पाठीवरचा भार कमी होतो.

खऱ्या चढाची परीक्षा घ्यायची तर सिंहगडाची आतकरवाडीकडची वाट. तीन किलोमीटरच्या आत सुमारे सहाशे मीटर चढ. शनिवार-रविवारी उजाडायच्या आत पोहोचा, नाहीतर वाटेवर जत्रा असते. वर गेलात की मडक्यातलं दही खा, दहा मिनिटं बसा आणि मग खरा धडा सुरू करा. तो उतरण्याचा.

उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेक लावत असतात. त्यात स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते आणि ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कळते. साताऱ्यात यवतेश्वरवरून परत येताना सोळाव्या-सतराव्या किलोमीटरनंतर जे पाय सुन्न पडतात त्याचं कारण हेच. दम शिल्लक असतो, छाती शांत असते आणि मांड्या साथ सोडतात. चांगली गोष्ट अशी की स्नायू हे लवकर शिकतात. एकदा लांब उतार पळून झाला की पुढचे काही आठवडे तसाच उतार कमी इजा करतो. म्हणून शर्यतीच्या चार-पाच आठवडे आधीपासून दर रविवारच्या पळण्यात उतार मुद्दाम ठेवा, पहिल्यांदा एक-दोन किलोमीटर, मग वाढवत. शेवटचा मोठा उतार शर्यतीच्या दहा-बारा दिवस आधी संपवा.

तंत्र असं : पावलं आखूड आणि झपझप, पाऊल शरीराच्या खालीच पडू द्या, पुढे फेकू नका. घाबरून मागे रेललात की टाच आधी आपटते आणि ओल्या वाटेवर पाय सटकतो. हात थोडे बाहेर. गुडघे कधीच ताठ नकोत. घसाऱ्यावर पाय किंचित आडवा टाका आणि एक पाऊल सुटलं तर दुसरं आधीच पडलेलं असेल इतक्या लगबगीने चला. अशा जागी थबकणारा घसरतो.

कात्रज ते सिंहगड ही टेकड्यांची रांग शर्यतीच्या महिनाभर आधी एकदा सावकाश करावी. एकामागून एक चढ आणि उतार, सावली जवळजवळ नाही, पाणी नाही. गटानेच जा आणि पाणी पाठीवर न्या. टेकड्यांवर अंधारात एकट्याने जाणं टाळा, बायकांनी आणि पुरुषांनीही.

बूट, कपडे, बारीकसारीक

रस्त्यासाठी बूट घेताना संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. अंगठ्यापुढे अर्धा इंच जागा हवी. डोंगरासाठी चार-पाच मिलिमीटर खोल दात असलेला तळवा घ्या. पावसाळ्यात पाणी अडवणारे बूट घेऊ नका, ओढा ओलांडला की आत शिरलेलं पाणी बाहेर जात नाही. जाळीचे बूट भिजतात आणि पळता पळता निथळतात. कोणतेही बूट शर्यतीआधी निदान पन्नास-साठ किलोमीटर वापरलेले हवेत.

सुती मोजे आणि सुती बनियन नको. काखा, मांड्या, छाती, पायाची बोटं यांना व्हॅसलिन चोपडा. पावसात भिजलेला कपडा दोन तासांत कातडी सोलतो. नखं तीन-चार दिवस आधी कापा, आदल्या दिवशी नको.

खाणं आणि पाणी

आदल्या रात्री साधं, सवयीचं, लवकर : वरण-भात, मुगाची खिचडी, दही-भात. मिसळ, उसळ, पालेभाजी, नवीन गावातलं प्रसिद्ध हॉटेल हे सगळं शर्यतीनंतर. पहाटे शर्यतीच्या दोन-अडीच तास आधी केळं, ब्रेड-जॅम किंवा थोडा उपमा.

तासाभरापेक्षा जास्त पळायचं असेल तर दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. मध्यम केळं किंवा एक जेल (पळताना चोखायचं घट्ट गोड पाकाचं छोटं पाकीट) म्हणजे साधारण २० ते २५ ग्रॅम. जेल पचतं की नाही ते रविवारच्या सरावात बघून घ्या. डोंगरात मला उकडलेला, मीठ लावलेला बटाटा आणि खजूर सर्वांत भरवशाचे वाटतात. चिक्की आणि राजगिऱ्याचा लाडू घरी कितीही आवडो, चढावर धाप लागलेली असताना कोरडा घास गिळत नाही.

पाण्याबाबत दोन टोकं आहेत आणि दोन्ही घातक. घाम किती जातो हे मोजायला सोपा उपाय : तासभर पळण्याआधी आणि नंतर घाम पुसून वजन करा. मध्ये पाणी प्यायला नसाल तर एक किलो घट म्हणजे जवळपास एक लिटर घाम. दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून अंग थंड होत नाही आणि घाम आणखी वाढतो. पण भीतीपोटी प्रत्येक टेबलावर दोन-दोन ग्लास साधं पाणी पिणाऱ्याच्या रक्तातलं सोडियम कमी होतं. बोटांना सूज, डोकेदुखी, मळमळ, गोंधळलेपण ही लक्षणं दिसली की पाणी थांबवून वैद्यकीय तंबूत जायचं. तहान लागेल तसं प्या आणि लांब शर्यतीत काही वाटा ओआरएसचा असू द्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात घालायचं असतं. अर्ध्या बाटलीत घट्ट कालवलं तर पोट बिघडतं.

वेदनाशामक गोळी घेऊन पळू नका. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या, उन्हातला घाम आणि तासन्‌तास श्रम, हे तिन्ही एकत्र आले की किडनीवर ताण येतो. दुखत असेल तर थांबा.

रस्त्यावरच्या शर्यतीचा दिवस

बिब, म्हणजे धावपटूच्या क्रमांकाचा कागद, आदल्या दिवशीच टी-शर्टला चार पिनांनी लावून ठेवा, मागे रक्तगट आणि घरच्यांचा फोन नंबर लिहा. वेळ मोजणारी चिप बिबलाच असते, ती दुमडू नका. मुंबईत पहाटेच्या लोकलचं वेळापत्रक आधी बघून ठेवा. सुरुवातीच्या तासभर आधी पोहोचा, कारण शौचालयाची रांग कुणासाठी थांबत नाही.

आपल्या वेळेच्या गटातच उभे राहा. चिप तुम्ही रेष ओलांडता तेव्हापासून मोजते, पुढे घुसण्यात काही मिळत नाही. पहिले तीन किलोमीटर मुद्दाम रोखून, ठरवलेल्या पेसपेक्षा दहा-पंधरा सेकंद हळू. ढोल वाजत असतात, लोक टाळ्या वाजवतात, पाय आपोआप सुटतात, आणि तेव्हाच लगाम हवा. दहा ते पंधरा हा टप्पा स्थिर. मुंबईत पेडर रोडचा चढ उशिरा, थकलेल्या पायांना लागतो. त्यासाठी थोडं राखून ठेवा. साताऱ्यात मात्र चढ आधी आहे : वर वळसा घेईपर्यंत आपण गप्पा मारू शकू इतक्याच श्रमाने जायचं आणि परतीत पहिला अर्धा उतार सांभाळून घ्यायचा. घाटात ढग खाली उतरलेले असतात, रस्त्याच्या पांढऱ्या पट्ट्यांवर पाय सरकतो, तेव्हा पट्टा सोडून डांबरावरच राहा.

पाण्याच्या टेबलावर पहिल्या टेबलाशी गर्दी होते, शेवटच्या टेबलाकडे जा. ग्लास चिमटीत दाबून चोच करा आणि दोन घोट घ्या. हात दाखवून बाजूला व्हा, एकाएकी थांबू नका. ग्लास टोपलीत टाका. स्वयंसेवक म्हणून उभी असलेली शाळेतली मुलं आपली वागणूक बघत असतात, त्यांना धन्यवाद म्हणा.

पायवाटेवरची शर्यत

इथे तुमची सुरक्षितता बरीचशी तुमच्या हातात असते. सोबत : दीड लिटर पाणी, शिट्टी, पूर्ण चार्ज केलेला फोन, क्रेप बँडेज, फॉइलचं पातळ ब्लँकेट, विंडचीटर, मीठ, पहाटे सुरुवात असेल तर हेडलॅम्प आणि जादा सेल. धुक्यात कपाळावरचा दिवा डोळ्यांपुढे पांढरी भिंत उभी करतो. तो काढून कमरेला लावा, वाट दिसू लागते.

मार्ग फितींनी दाखवलेला असतो. जंगलात ढोरवाटा जागोजागी फुटतात आणि मुख्य वाटेपेक्षाही मळलेल्या दिसतात. काही मिनिटं फीत दिसली नाही की पुढे जाऊन बघूया असं करू नका. शेवटची फीत दिसली होती तिथपर्यंत परत या. गावातून जाताना कुणी दिसलं तर विचारा. "मावशी, राजगडाकडं हीच वाट ना?" "हीच की, पण पुढं वढा लागंल, त्याच्या डाव्या अंगानं जावा." एवढ्या संवादात नकाशात न मिळणारी माहिती मिळते.

राजगडाच्या संजीवनी माचीवरून अळू दरवाजाने उतरून तोरण्याकडे जाणारी धार ज्यांनी कधी चालली आहे त्यांना माहीत आहे की तिथे दोन्ही बाजूंना उतार आहे आणि वारा आडवा येतो. अशा जागी पुढच्याला गाठायची घाई नको. "डावीकडून येतोय" असं म्हणा, त्याने जागा दिल्यावरच पुढे व्हा. वर चढणाऱ्याला उतरणाऱ्याने वाट द्यावी.

शेवाळलेल्या कातळावर कुठलाही तळवा टिकत नाही. कडेच्या गवतावर किंवा खडबडीत भागावर पाय ठेवा, नाहीतर सरळ बसून उतरा. पावसाळ्यात जळवा लागतात. ओढून काढू नका, नखाने तोंडाच्या बाजूने आडवी सरकवा. धनगरांची कुत्री अंगावर आली तर पळणं थांबवा, शांत चाला, ती मेंढरं राखत असतात. आणि कड्यांना लटकलेली आग्या मोहोळं : त्या दिवशी अंगाला अत्तर, डिओ काही नको, मोहोळाजवळून गप्प जायचं. माश्या उठल्याच तर डोकं-तोंड झाकून लांब पळा, हात झटकत उभे राहू नका. खूप डंख झाले, ओठ-डोळे सुजले किंवा श्वास अडकला तर तो तातडीचा दवाखान्याचा मामला आहे.

जेलचं फाडलेलं टोकसुद्धा खिशात परत घ्या. शेताचं कवाड उघडलं तर लावा. आपण दुसऱ्याच्या अंगणातून पळत आहोत. नागमोडी वाट तोडून सरळ उतरलात तर पुढच्या पावसात तिथून माती वाहून जाते.

थांबायचं कधी

छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, डोळ्यांपुढे अंधारी : लगेच थांबा. पेटका आला तर चाला, ताणा, पुन्हा हळूहळू सुरू करा. घोटा मुरगळून त्यावर भार घेता येत नसेल तर जागेवर बसा, शिट्टी वाजवा, मागून येणाऱ्याला निरोप द्या.

समोरचा धावपटू झोकांड्या खात असेल, असंबद्ध बोलत असेल, अंग तापलेलं असेल तर तो उष्माघात समजा. आधी थंड करा, मग हलवा. सावलीत घ्या, कपडे सैल करा, मिळेल तितकं गार पाणी अंगावर ओता, वारा घाला, बर्फ मिळाला तर मान-काखा-जांघेत. त्याच वेळी दुसऱ्याला १०८ ला फोन करायला सांगा. डोंगरात रेंज नसते, म्हणून कोणत्या टप्प्यावर रेंज येते हे आदल्या दिवशीच्या माहितीसत्रात विचारून ठेवा. अशा वेळी आपली शर्यत सोडावी लागली तर सोडा. स्वतःहून बाहेर पडलात तर बिब दाखवून स्वयंसेवकाला सांगा, न सांगता घरी गेलात तर स्वीपर, म्हणजे सर्वांच्या मागून येणारे स्वयंसेवक, रात्रीपर्यंत तुम्हाला शोधत राहतात.

शर्यत संपल्यावर

रेष ओलांडली की बसू नका, दहा मिनिटं चालत राहा. ओले कपडे बदला, तासाभरात काहीतरी खारट आणि पोटभरीचं खा. भिजलेल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत ठेवा, उन्हात वाळवले तर चिकटवलेला तळवा सुटतो. दोन-तीन दिवस जिना उतरताना कठडा धरावा लागेल, ते स्वाभाविक आहे. एकाच जागी टोचणारं, रोज वाढणारं दुखणं मात्र दाखवून घ्या. हाफनंतर आठवडाभर आणि लांब डोंगरी शर्यतीनंतर दोन-तीन आठवडे वेगाचं पळणं बंद ठेवा.

निकाल लागला की वेळेबरोबर एका वहीत मार्गाचीही नोंद करा : कुठे पाणी कमी पडलं, कोणत्या वळणावर वारा होता, काय खाल्लं आणि कधी. पुढच्या वर्षी त्याच शर्यतीला ही पानं फार उपयोगी पडतात. आयोजनात काही उणं असेल तर आयोजकांना नेमक्या शब्दांत कळवा : कोणत्या किलोमीटरवर, किती वाजता, काय नव्हतं.

वर्षातून एक शर्यत न पळता स्वयंसेवक म्हणून करा. महिनाभर आधी आयोजकांना कळवा आणि पाण्याचं शेवटचं टेबल मागून घ्या. तिथे सर्वांत शेवटी येणाऱ्यांपर्यंत पाणी, मीठ आणि मोसंबीच्या फोडी पुरल्या पाहिजेत, म्हणून आलेल्या सामानातला तिसरा हिस्सा सुरुवातीलाच टेबलाखाली बाजूला काढून ठेवा.